न घेतलेल्या कर्जाचे हप्ते

सदाफुली (धागाकर्ती)

फसवणुकीवर इथे आधीही बरेच धागे येऊन गेलेत. बहुतेकांचा सूर एकच : ओटीपी देऊ नका, लिंक उघडू नका, अनोळखी फोन उचलू नका. बरोबरच आहे ते. पण यातलं काहीही न करता माणूस गोत्यात येतो, त्या प्रकारावर फारसं कुणी लिहिलेलं दिसलं नाही. म्हणून हा वेगळा धागा.

माझा भाचा नाशिकला असतो. नोकरी पक्की, आजवर एकच दुचाकीचं कर्ज, तेही मुदतीआधी फेडलेलं. यंदा फ्लॅट ठरवला, बिल्डरला टोकन दिलं आणि बँकेने गृहकर्ज नाकारलं. कारण? "तुमचं सिबिल पडलंय." म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून काढलेला स्कोअर. रिपोर्ट काढला तर त्याच्या नावावर दोन वैयक्तिक कर्जं! दोन्ही मोबाईल अ‍ॅपवरून घेतलेली, एकाच बिगर-बँक वित्त कंपनीची. पॅन त्याचा, जन्मतारीख त्याची. पत्ता मात्र भलत्याच राज्यातला आणि मोबाईल नंबर कुणाचा तरी. पहिल्या कर्जाचे सुरुवातीचे हप्ते चक्क वेळेवर भरलेले. चोराने हप्ते का भरावेत यावर घरात बरीच चर्चा झाली. माझा अंदाज असा, की दुसरं मोठं कर्ज मंजूर व्हावं म्हणून. ते मिळाल्यावर दोन्ही थकवली.

आता यात भाच्याने कुणाला ओटीपी दिला नाही, कुठलं अ‍ॅप घेतलं नाही. ओटीपी गेला असेल तर त्या दुसऱ्या नंबरवर. याच्या फोनला या सगळ्याचा पत्ताच नाही.

आम्ही काय केलं ते लिहिते. सिबिलचा रिपोर्ट काढून थांबलो नाही, कारण लोकांच्या कर्जांची आणि हप्त्यांची नोंद ठेवणाऱ्या अशा माहिती कंपन्या देशात चार आहेत : सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. कर्ज देणारा चौघांनाही माहिती देतो. प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळणं हा रिझर्व्ह बँकेच्या नियमाने आपला हक्क आहे. (त्यांच्या साइटवर पैसे भरायच्या योजनाच आधी डोळ्यांत भरतात. फुकटचं बटण शोधावं लागतं.) चारही ठिकाणी त्या दोन कर्जांवर हरकत नोंदवली. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार केली, त्याची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. आणि वित्त कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल.

त्या ईमेलबद्दल थोडं सविस्तर. "हे कर्ज माझं नाही" एवढंच लिहिलं तर "आमच्या नोंदीनुसार कर्ज तुमचंच आहे" असं छापील उत्तर येतं. आम्हालाही पहिल्यांदा तेच आलं. मग माझ्या एका वकील मैत्रिणीने मजकूर बदलून दिला. त्यात फक्त मागण्या : कर्जाचा अर्ज द्या, केवायसीची कागदपत्रं आणि फोटो द्या, करारावर ई-सही कुठल्या नंबरच्या ओटीपीने झाली ते सांगा, आणि कर्जाची रक्कम कुठल्या बँकेच्या कुठल्या खात्यात जमा केली ते कळवा. यातला शेवटचा प्रश्न बरोबर जागी लागला. अ‍ॅपवरच्या कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्याच बँक खात्यात गेली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. खातं भाच्याचं नसेल तर कंपनीने नियम मोडला. खातं त्याच्या नावाचं निघालं तर त्याच्या नावाने कुणीतरी खातंही उघडलंय, म्हणजे आणखी एक गुन्हा. दोन्हीकडून उत्तर देणं कंपनीलाच भाग.

प्रकरण अजून चालू आहे, पुढचं खाली लिहीन. तुमच्या माहितीत असं काही घडलं असेल तर सांगा.

---

टपरीवरचा चहा

बापरे. आत्ताच काढला रिपोर्ट. माझ्या नावावर काही नाही, पण पत्ता आठ वर्षांपूर्वीच्या भाड्याच्या खोलीचा आहे. आणि असा सारखा रिपोर्ट बघितला की स्कोअर कमी होतो म्हणतात ना?

---

सदाफुली

नाही होत. आपण स्वतःचा बघितला तर काहीच फरक पडत नाही. कर्ज द्यायच्या आधी बँक किंवा कंपनी बघते, त्याची नोंद होते आणि तिचा थोडा परिणाम होतो. रिपोर्टच्या शेवटी ही चौकशांची यादी असते, तीही वाच. आपण कधी न गेलेल्या कंपनीचं नाव तिथे दिसलं तर कुणीतरी आपल्या पॅनवर कर्ज मागून बघितलंय.

---

स्पष्टवक्ता

माफ करा, पण माझं मत वेगळं आहे. फसणाऱ्यांपैकी नव्वद टक्के लोक लोभाने फसतात. दामदुप्पट, घरबसल्या कमाई, लॉटरी. स्वतःची अक्कल गहाण टाकायची आणि मग सरकारच्या नावाने खडे फोडायचे.

---

मंजुघोष

स्पष्टवक्ता, धागा वाचलात का? भाच्याचा लोभ नेमका कशात होता, पगार वेळेवर घेण्यात?

आणि तो नव्वद टक्क्यांचा आकडा कुठून आला तेही सांगा.

---

गोदाकाठ

लोभ नसेल तिथे भीती वापरतात. 'डिजिटल अरेस्ट'मध्ये, म्हणजे पोलीस असल्याची बतावणी करून व्हिडिओ कॉलवरच 'अटक' करायच्या प्रकारात, कोण अडकलं बघा. वर्धमान उद्योगसमूहाचे एस. पी. ओस्वाल. २०२४ मध्ये भामट्यांनी त्यांना व्हिडिओ कॉलवर चक्क खोटं सुप्रीम कोर्ट भरवून दाखवलं, सरन्यायाधीशांचा तोतया बसवला, आणि सात कोटी काढले. एवढा मोठा कारखानदार माणूस, त्याच्याकडे अक्कल नव्हती असं म्हणायचं का? नंतर सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेऊन डिसेंबर २०२५ मध्ये देशभरातला डिजिटल अरेस्टचा तपास सीबीआयकडे दिला.

भारतीय कायद्यात व्हिडिओ कॉलवर अटक हा प्रकारच नाही. आमच्या आईला एवढं एक वाक्य पाठ करायला लावलंय. मागे तसा फोन आला तर तिने "थांबा हं, मुलाला विचारते, तो हवालदार आहे" म्हणून सांगितलं. मी शिंपी आहे.

---

टपरीवरचा चहा

गोदाकाठ, काकूंना साष्टांग नमस्कार सांगा.

---

निवृत्त खजिनदार

मी सरकारी बँकेत ३४ वर्षं काढली, त्यातली बरीच शाखेत. दोन गोष्टींची इथे गल्लत होऊ नये म्हणून लिहितो.

एक म्हणजे तुमच्या खात्यातून तुमच्या परवानगीशिवाय पैसे जाणं. दुसरं म्हणजे तुमच्या नावाने कुणीतरी कर्ज काढणं. दोन्हींचे रस्ते वेगळे.

पहिल्या प्रकाराला रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तसंच वेगळं काढलं. चूक बँकेची असेल तर तुमच्यावर काहीच बोजा नाही. चूक ना बँकेची ना तुमची, कुठेतरी मध्येच गळती झाली, अशा वेळी बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तरी तुमची जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलंत तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये तुमच्या अंगावर. त्यानंतर बँकेचं स्वतःचं धोरण. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत तेवढी रक्कम खात्यात तात्पुरती जमा दाखवायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. आणि महत्त्वाचं : ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायचं काम बँकेचं. काउंटरवरचा माणूस म्हणेल "तुम्हीच ओटीपी दिला असणार". त्याला नम्रपणे सांगा, लेखी द्या.

तुम्ही स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते नुकसान बँकेचं. म्हणून आधी फोन, रडारड नंतर.

फोन कुठे? १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. तिथे बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक विचारतात, तो आधी समोर लिहून ठेवा. पैसा एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळत असतो. पुढच्या बँकेपर्यंत निरोप पोचेपर्यंत तो तिथे असेल तर गोठतो, एटीएममधून निघाला असेल तर गेला. गोठलेली रक्कम मोठी असेल तर ती परत मिळायला सहसा न्यायालयाचा आदेश लागतो. नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करायचा असतो. पुष्कळ लोकांना हे ठाऊकच नसतं, ते पोलीस ठाण्यात खेटे घालत बसतात.

आणि बँकेचा नंबर गूगलवर शोधू नका. तिथे भामट्यांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. कार्डाच्या मागे, पासबुकावर असतो तोच लावा. साइट बघायची तर पत्त्याच्या शेवटी डॉट बँक डॉट इन आहे का बघा. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्याच पत्त्यावर यायला लावलंय.

दुसऱ्या प्रकाराबद्दल, म्हणजे सदाफुलीताईंच्या भाच्याचं जे झालं त्याबद्दल : कर्ज देणारी कंपनी आणि ती सिबिलसारखी माहिती कंपनी मिळून ३० दिवसांत तक्रार मिटवायला बांधील आहेत. त्यापुढे रोज १०० रुपये भरपाई. ती आपणहून हातात ठेवतील असं समजू नका, मागावी लागते. त्यानंतर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. फी नाही, वकील नको, ऑनलाइन तक्रार होते. शंका असेल तर १४४४८ वर मराठीतही बोलता येतं.

---

सदाफुली

काका, फार उपयोगी. धाग्याच्या वर चिकटवायला सांगते.

---

वऱ्हाडी ठेचा

आमच्या इकडचा प्रकार सांगतो. यात फोनच लागत नाही राजेहो.

गावात बँकेची शाखा नाही, ग्राहक सेवा केंद्र आहे. अंगठा लावला की पैसे. आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा, बस एवढंच. ओटीपी नाही, पिन नाही. माझ्या मोठ्या काकांच्या खात्यातून असेच पैसे गेले. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन, संदेश वाचता येत नाही. पीक विम्याचे पैसे काढायला गेले तेव्हा कळलं की कुणीतरी आधीच काढून नेले.

अंगठा कुठून मिळतो म्हणाल, तर खरेदीखतावर असतो की. तेलंगणात २०१८ मध्ये एकाने नोंदणी खात्याच्या साइटवरच्या दस्तांवरून अंगठ्यांचे रबरी ठसे बनवले होते. पुढे कर्नाटकातही तसंच झालं. बोट तर बदलता येत नाही पासवर्डसारखं.

उपाय आहे. मायआधार साइटवर किंवा एमआधार अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक करता येतं, फुकट. आधारला मोबाईल जोडलेला पाहिजे. घरातल्या सगळ्यांचं केलं.

आता पुढची गंमत ऐका. लॉक केल्यावर पुढच्या महिन्यात काकू रेशन दुकानात गेली, तर मशीन अंगठाच घेईना. दुकानदार म्हणे तुमचं आधार बंद पडलं. तालुक्याला जा. काकूने मला फोनवर जे काही ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही.

तर लॉक करा, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगून करा. रेशन, नवीन सिम, अंगठ्याची कुठलीही केवायसी असेल तेव्हा आधी उघडायचं. दहा मिनिटांसाठी तात्पुरतं उघडतं आणि आपोआप बंद होतं. आता रेशनच्या दिवशी काकू दुकानाच्या रांगेत पुढे पोचली की मिस्ड कॉल देते, मी अमरावतीहून उघडतो.

---

मंजुघोष

ठेचा, ही मिस्ड कॉलची पद्धत सरकारने राबवायला हवी.

---

अर्धा कप

मला एक कळत नाही. जिथे तिथे आधारची झेरॉक्स मागतात. सोसायटी, हॉटेल, मुलाच्या क्लासची फी भरताना. द्यायची की नाही? मध्ये सरकारनेच देऊ नका सांगितलं होतं ना?

---

शाईचे डाग

सांगितलं आणि मागेही घेतलं. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने पत्रक काढलं, की झेरॉक्स कुठेही देऊ नका, मास्क्ड आधार द्या. गहजब झाला. दोन दिवसांत केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ते मागे घेतलं, आणि नेहमीची काळजी घ्या म्हणून मोकळे झाले. मास्क्ड आधार मात्र तेव्हाही होतं, आजही आहे. पहिले आठ आकडे झाकलेले, शेवटचे चार दिसतात. मायआधारवरून उतरवून घेता येतं. हॉटेल, सोसायटी यांना तेच द्यायचं. बँकेत किंवा सिम घेताना पूर्ण लागतं, ठीक आहे.

मी छपाई-झेरॉक्सचा धंदा करतो, त्यामुळे आतली गोष्ट सांगतो. लोक झेरॉक्स कुठे देतात याची काळजी करतात, ती काढतात कुठे याची नाही. रोज पन्नासेक माणसं माझ्या दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आधार, पॅन, पासबुक, पगाराची स्लिप पाठवतात, "दादा, दोन प्रती काढ". वर ई-आधारचा पासवर्डही मोठ्याने सांगतात. सांगायची तशी गरजही नसते, नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी रोज रात्री ते सगळं पुसतो. सगळेच पुसतात असं नाही. दुकानातला मुलगा सोडून जातो, जुना कॉम्प्युटर विकला जातो, त्यातली डिस्क तशीच जाते. एखाद्याला कर्जाच्या अर्जाला लागणारी सगळी कागदं तिथे एका फोल्डरमध्ये, एकाच नावाने हजर.

माझ्या गिऱ्हाइकांना सांगतो, समोर उभं राहून प्रिंट घ्या आणि दोन्हीकडची फाइल तिथेच पुसायला लावा. काहींना राग येतो, म्हणतात आम्ही काय तुझ्यावर अविश्वास दाखवतोय का. अहो, दाखवा ना!

---

निवृत्त खजिनदार

शाईचे डाग यांनी लाखातली गोष्ट सांगितली. भर घालतो : झेरॉक्सवर आडवं लिहा, "फक्त अमुक सोसायटीच्या भाडेकरार नोंदीसाठी", तारीख आणि सही. अक्षरं फोटो आणि नंबर यांच्यावरून जातील अशी, कोऱ्या कोपऱ्यात नाही. कोपरा कापता येतो. याने चोरी थांबतेच असं नाही, पण उद्या तीच प्रत कर्जाच्या फाइलमध्ये निघाली तर ती कुठून फुटली हे कळतं, आणि कंपनीने ती डोळे मिटून घेतली हेही.

---

अर्धा कप

कोपऱ्यात लिहायची सवय आहे मला. बदलते.

---

हिशोबनीस

मी सीए. कर्जापेक्षा जास्त त्रासाचा एक प्रकार राहिलाय. पॅन वापरून तुमच्या नावाने फर्म काढणं. शेतमजूर, रिक्षावाला, कॉलेजचा पोरगा यांना कोट्यवधींच्या उलाढालीची आयकराची नोटीस आल्याच्या बातम्या येतात, त्यामागे बहुधा हेच असतं. त्याच्या पॅनवर जीएसटी नोंदणी करून खोटी बिलं फिरवलेली असतात.

तपासायला दोन मिनिटं लागतात. जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करता पॅनवरून करदाता शोधायची सोय आहे. आपला पॅन टाका. नोकरदार माणसाच्या पॅनवर काहीच निघायला नको. निघालं तर तिथूनच तक्रार करता येते. दुसरं, आयकर पोर्टलवर वार्षिक माहिती विवरण म्हणजे एआयएस असतं. त्यात आपण न केलेले व्यवहार, अनोळखी बँकेतलं व्याज, न घेतलेले शेअर दिसतात का बघा. प्रत्येक नोंदीसमोर "ही माहिती माझी नाही" असा पर्याय असतो. विवरणपत्र भरायच्या वेळी सीएला पाठवण्याआधी स्वतः एकदा वाचलंत तर आमचेही आशीर्वाद मिळतील.

---

टपरीवरचा चहा

आणि नावावर किती सिम आहेत ते?

---

हिशोबनीस

संचार साथी साइट. मोबाईल नंबर टाकला की आपल्या नावावरचे सगळे नंबर दिसतात, शेवटचे काही आकडे. ओळखीचा नसेल त्याच्यापुढे 'माझा नंबर नाही' निवडायचं. एका माणसाच्या नावावर महाराष्ट्रात जास्तीत जास्त नऊ सिम असू शकतात. आमच्या ऑफिसातल्या एकाच्या नावावर त्याला माहीत नसलेले तीन निघाले. फोन हरवला तर तो ब्लॉक करायची सोयही तिथेच.

---

सातासमुद्रापार

न्यू जर्सीतून. आईवडील सांगलीला. दोन मुद्दे.

इकडे २०१७ मध्ये इक्विफॅक्सकडून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली, तेव्हापासून बऱ्याच जणांनी क्रेडिट फ्रीझ लावून ठेवलंय. इकडच्या तिन्ही माहिती कंपन्यांकडे जाऊन आपला रिपोर्टच कुलूपबंद करायचा, नवीन कर्ज देणाऱ्याला तो दिसतच नाही. सप्टेंबर २०१८ पासून कायद्याने फुकट. भारतात तसं सरसकट का नाही याचं आश्चर्य वाटतं.

दुसरा मुद्दा परदेशातल्या मंडळींसाठी. भारतातलं सिम रिचार्ज न करता पडलं की काही काळाने बंद होतं, आणि बंद झाल्यावर किमान ९० दिवसांनी तोच नंबर दुसऱ्याला देतात. बँकेत, आधारला, म्युच्युअल फंडाला मात्र तोच जुना नंबर. म्हणजे तुमचे ओटीपी कुणा तिऱ्हाइताच्या हातात. त्याचा दोषही नाही बिचाऱ्याचा. माझ्या मित्राच्या जुन्या नंबरावर आता नागपूरची एक शिक्षिका आहे. तिनेच त्याला शोधून कळवलं की तुमच्या बँकेचे मेसेज मला येतात.

---

निवृत्त खजिनदार

फ्रीझबद्दल : इथे निदान एवढं झालंय, की कुणी तुमचा रिपोर्ट बघितला तर माहिती कंपनीने एसएमएस किंवा ईमेलने कळवायचं, असं रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. त्यासाठी त्यांच्याकडे तुमचा चालू नंबर हवा. टपरीवरच्या चहासाहेबांचा पत्ताच आठ वर्षं जुना आहे, नंबरही तपासा.

---

टपरीवरचा चहा

तपासला. नंबरही जुनाच निघाला. बँकेत अर्ज देतो.

---

बाजारपेठ

माझा उलटाच त्रास. किराणा दुकान आहे, इचलकरंजी. कुणीतरी क्यूआरवर ६४० रुपयांचं सामान नेलं. चार दिवसांनी खातं गोठलं. बँक म्हणते तेलंगणातल्या पोलिसांचा आदेश. त्या ६४० मधला पैसा कुठल्यातरी फसवणुकीतला होता म्हणे. आता व्यापाऱ्यांना चेक देता येईनात, वटत नाहीत. मी चोर आहे का?

---

निवृत्त खजिनदार

नाहीत, आणि एकटेही नाहीत. शाखेत लेखी अर्ज द्या : तक्रारीचा पोचक्रमांक, कुठलं पोलीस ठाणं, तपास अधिकाऱ्याचा ईमेल आणि वादातली नेमकी रक्कम लेखी कळवा. मग त्या अधिकाऱ्याला ईमेल करा, त्या दिवसाचं बिल किंवा वहीची नोंद, गुमास्ता परवाना, जीएसटी असेल तर क्रमांक जोडा. पूर्ण खातं न गोठवता फक्त ६४० रुपये अडकवून ठेवा, अशी मागणी करा. बँकेलाही त्याची प्रत. अर्जावर पोच घेतल्याशिवाय शाखेतून हलू नका.

तेलंगणापर्यंत जायची घाई करू नका. "खातं उघडून देतो" म्हणून पैसे मागणारे एजंटही निघालेत, त्यांच्या नादी लागू नका.

---

बाजारपेठ

असा एक फोन येऊन गेला कालच. बरं झालं विचारलं. सोमवारी जातो शाखेत.

---

स्पष्टवक्ता

लोभाचं माझं वाक्य सगळ्यांना लागू नाही, एवढं मान्य. दामदुप्पटवाल्यांबद्दल मात्र मत कायम.

---

सदाफुली

आमच्याकडची खबरबात. ३० दिवस उलटल्यावर लोकपालाकडे तक्रार टाकली, आणि त्यानंतर कंपनीची भाषा एकदम मवाळ झाली. रक्कम ज्या खात्यात गेली ते भाच्याच्याच नावाचं निघालं, पण एका वेगळ्याच बँकेत, ऑनलाइन उघडलेलं. फोटोतला माणूस भाचा नाही. वयाने दहा वर्षांनी तरी मोठा, वर दाढी. केवायसी करणाऱ्याने आधारवरचा फोटो आणि हा चेहरा शेजारी ठेवून एकदा बघितले असते तरी पुरे होतं. पोलिसांनी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ सी (ओळख चोरणं) आणि ६६ डी (तोतयेगिरी करून फसवणं) लावून गुन्हा नोंदवला आहे, त्या बँकेकडून खात्याचा तपशील मागवलाय.

वसुलीवाल्यांचे फोन मध्यंतरी भाच्याच्या आईला येत होते. तिला काय काय बोलले ते लिहीत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाही, नातेवाइकांना छळता येत नाही. रात्री साडेनऊच्या फोनांची नोंद स्क्रीनशॉट काढून तक्रारीला जोडली. तेव्हापासून शांत आहेत.

एक कर्ज रिपोर्टवरून निघालं. दुसरं "चौकशी सुरू" असं दाखवतंय. बिल्डरने टोकनची मुदत वाढवून दिली, तो भला माणूस निघाला.

---

पाऊलवाट

उशिरा प्रश्न विचारतोय. वडील गेल्या वर्षी वारले. त्यांचं सिम मी चालू ठेवलंय, त्यावर अजून "कर्ज मंजूर" छाप संदेश येतात. ते जाहिराती असतील, पण हा धागा वाचून धास्ती वाटली. गेलेल्या माणसाच्या पॅन-आधारचं काय करायचं?

---

हिशोबनीस

क्रम पाळा, नाहीतर अडकाल. पॅन आधी रद्द करायला जाऊ नका. त्यांचं शेवटचं विवरणपत्र वारस म्हणून तुम्हाला भरायचं असेल, परतावा यायचा असेल, बँक आणि शेअरचे दावे निकाली निघायचे असतील, तोवर पॅन लागतो. सगळं संपलं की आयकर अधिकाऱ्याकडे मृत्यूदाखल्यासह अर्ज देऊन परत करायचा.

आधारसाठी जून २०२५ पासून मायआधारवर कुटुंबातल्या व्यक्तीचा मृत्यू कळवायची सोय आहे. मृत्यू नोंदणी क्रमांक लागतो, तो दाखल्यावर असतो. तोवर त्यांचं बायोमेट्रिक लॉक नसेल तर करून टाका, सिम चालू आहे तोपर्यंत ओटीपी येईल.

---

निवृत्त खजिनदार

आणि वडिलांच्या नंबरावर ओटीपी घेऊन त्यांच्या खात्यातून पैसे काढू नका, नामनिर्देशन तुमचं असलं तरी. दावा भरा. कागद पूर्ण असतील तर १५ दिवसांत निकाली काढायचा असा आता नियम आहे. सिम सगळ्यात शेवटी बंद करा, आणि ते कुठकुठे जोडलं होतं त्याची यादी आधी करा : बँक, गॅस, वीज, पेन्शन, विमा.

---

पाऊलवाट

गॅस लक्षातच नव्हता आला. बुकिंग अजून त्यांच्याच नंबरवरून होतं. यादी करायला घेतो.